मोकळ्या प्लॉटवरची नशा आणि विकास आराखडा : पहिल्यांदाच हरकत नोंदवणाऱ्यांसाठी

पोलिसांना फोन केला, गाडी आली, पोरं पांगली. गाडी गेली, पोरं परत आली. आमच्या सोसायटीमागच्या प्लॉटवर तीन वर्षं हेच चाललं होतं. चौथ्या वर्षी सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी विचारलं, "त्या प्लॉटवर आरक्षण कसलं आहे, बघितलंस का कधी?" बघितलं नव्हतं. बघितलं तेव्हा कळलं, की विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी ठेवायची हे ठरवणाऱ्या नकाशात, ती जागा कागदावर खेळाचं मैदान आहे आणि मी शाळेत होतो तेव्हापासून आहे. महापालिका जमीन कधी घेते याची मालक वाट बघत होता, महापालिका पैशांची वाट बघत होती, आणि दोघांच्या वाट बघण्यात पुडीवाल्याची आयती सोय झाली होती.

नशेचा अड्डा दिसला की आपल्याला चौकी आठवते. हा आराखडा करणारा नगररचना विभाग आठवत नाही. खरं तर त्या विभागाचं दार कायद्याने आपल्यासाठी उघडं ठेवलेलं आहे, फक्त ते रोज उघडं नसतं. आजवर ज्यांनी आराखड्यावर एकही हरकत नोंदवली नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिका धरून सगळं सांगितलं आहे.

सुरुवातीला : कोण विकतो आणि इथेच का बसतात

हे दोन प्रश्न एकत्र केलेत की दोन्हीकडे फसाल. कोण विकतो हा पोलिसांचा प्रश्न. त्यासाठी ११२ आहे, आणि अमली पदार्थांची माहिती देण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेली 'मानस' ही १९३३ क्रमांकाची हेल्पलाइन आहे. माहिती देणाऱ्याचं नाव बाहेर येईल ही भीती साहजिक आहे. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा (सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात) कलम ६८ मध्ये सांगतो, की खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. तरीही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "मी आज तक्रार केली" असं लिहू नका. पोरांना हटकायला काठ्या घेऊन तर मुळीच जाऊ नका.

इथेच का बसतात, हा मात्र जागेचा प्रश्न आहे. हरकतीत फक्त हाच लिहायचा.

शब्दांबद्दलही थोडं बोलायला हवं. 'गर्दुल्ला' हा शब्द मुंबईत ऐंशीच्या दशकात गर्द म्हणजे ब्राऊन शुगर आली तेव्हापासूनचा. आता गर्द कमी आणि बाकीचं जास्त दिसतं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ मध्ये एनडीपीएसखाली आलं. त्याशिवाय झोपेच्या गोळ्या आहेत, खोकल्याचं औषध आहे, आणि लहान मुलांच्या हातात व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्यूशन लावलेला रुमाल असतो. शब्द तोंडात बसला असला तरी अर्जात 'गर्दुल्ले' लिहू नका. अधिकारी तो वाचून अर्ज पोलिसांकडे वर्ग करतो, आणि आपला मुद्दा तिथेच संपतो.

जागा वाचायला शिका

आठवडाभर घालवायचा आहे, पण हे काम टाळलंत तर पुढचं सगळं पोकळ होतं. एकट्याने जाऊ नका, दोघं-तिघं जा, आणि त्यात एक तरी बाई असू द्या. आम्ही पहिल्या फेरीला सगळे पुरुष गेलो होतो. "अंधार आहे" एवढंच लिहून आलो. दुसऱ्या फेरीला आलेल्या ताईंनी सांगितलं, की अंधारापेक्षा त्यांना त्या बोळाची भीती वाटते, कारण बोळात शिरल्यावर दुसरं टोक दिसत नाही. दिवा लावूनही तो बोळ वाकडाच राहणार होता. ही गोष्ट आम्हा कुणालाच सुचली नसती.

सकाळी सातला, दुपारी तीनला, रात्री आठला आणि अकराच्या सुमारास अशा चार वेळा त्याच जागी जा. दुपारी तीनची फेरी लोक गाळतात, आणि शाळा सुटण्याआधीचा तो शांत तासच बऱ्याचदा पुडीचा असतो. काय टिपायचं ते सांगतो. बंद पडलेल्या दिव्याच्या खांबावरचा क्रमांक. भिंतीत फोडलेलं भगदाड आणि ते कुठे निघतं. जागेकडे उघडणाऱ्या खिडक्या किती आणि नुसत्या पाठीच्या भिंती किती. कचऱ्याचा ढीग, सोडून दिलेल्या गाड्या, झाकण नसलेलं चेंबर. जवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह रात्री किती वाजता बंद होतं. शाळेजवळ टपरी असेल तर तिथे गोगो पेपर, म्हणजे गांजा भरून ओढायचा पातळ कागद, लटकतो का. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहेच, ती तक्रार वेगळी करता येते.

माणसांचे फोटो काढू नका. जागेचे काढा. त्यामागे सभ्यता आहेच, आणि सुरक्षितताही आहे.

सर्वांत उपयोगी माहिती मात्र फोटोत येत नाही. ही जागा आधी कोण वापरत होतं ते विचारा. आमच्या प्लॉटवर पूर्वी भाजीचा बाजार भरायचा. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून तो उठवला, आणि संध्याकाळची वर्दळ संपली. बाजार उठल्यावर वर्षभरात नवे लोक बसू लागले, हे तिथल्या चहावाल्याने सांगितलं. नगररचनेच्या कुठल्याच नकाशावर ते नव्हतं.

नकाशावर तीच जागा शोधा

गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक मिळवा. सातबारा आणि मालमत्ता पत्रक ऑनलाइन पाहता येतात. मग त्या क्रमांकावर विकास आराखड्यात काय दाखवलं आहे ते बघा. मुंबईत याला डीपी रिमार्क म्हणतात, इतर ठिकाणी झोन दाखला किंवा भाग नकाशा मागतात. फी भरून अर्ज केला की मिळतो.

नकाशावर निवासी भाग पिवळा आणि बागा-मैदानं हिरवी दिसतात. हिरवा रंग दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही महापालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होतं. या मधल्या वर्षांत मालक जागेवर काही बांधू शकत नाही आणि महापालिका ती राखत नाही. पत्रे ठोकलेले असतात, आत झुडपं वाढतात. शहरातल्या बऱ्याच अड्ड्यांची जन्मपत्रिका इथे सापडते.

बाकीच्या जागा साधारण अशा : उड्डाणपुलाखालचा रिकामा पट्टा, भुयारी मार्ग, ओस पडलेला स्कायवॉक, बंद गिरणी किंवा कारखाना, अर्धवट सोडलेली इमारत, नाल्याकाठचा सर्व्हिस रोड. यातली प्रत्येक जागा कुणाच्या ताब्यात आहे हे अर्जाआधी शोधा. महापालिका, रेल्वे, एमएमआरडीए (मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण), पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं) आणि खासगी मालक यांच्यात ढकलाढकली करून ही जागा जिवंत राहिलेली असते.

हरकतीची खिडकी कधी उघडते

कायद्याचा क्रम असा. महापालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, मग आज जमीन कशासाठी वापरली जाते त्याचा नकाशा करते, मग प्रारूप आराखडा, म्हणजे कच्चा मसुदा, तयार होतो आणि कलम २६ खाली राजपत्रात व वर्तमानपत्रांत नोटीस येते. तिथून हरकती आणि सूचनांची मुदत सुरू. ती साधारण ३० दिवसांची असते, काही वेळा जास्त मिळते. नोटिशीतली शेवटची तारीख पाहा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आराखडा २० वर्षांतून एकदा बदलतो, म्हणजे खिडकी हुकली तर पुढची उघडेपर्यंत आज बालवाडीत असलेलं पोर नोकरीला लागलेलं असेल.

"एवढ्याने काय होतं" असं कुणी म्हणालं तर मुंबईची गोष्ट सांगा. मुंबईचा नवा प्रारूप आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत आला. लोकांनी आपापल्या गल्ल्या नकाशावर शोधल्या आणि चुकांची रास लावली. कुठे उभ्या इमारतीतून रस्ता गेला होता, कुठे वारसा वास्तू गायब होती. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. गोव्यातही लोकांच्या रेट्यामुळे 'प्रादेशिक आराखडा २०११' (म्हणजे २०११ सालापर्यंतचा) २००७ मध्येच मागे घ्यावा लागला होता. दोन्हीकडे मोर्चे निघाले, सभा झाल्या, पण मुळाशी कुणीतरी आपला प्लॉट नकाशावर शोधला होता.

हरकत लिहिताना

एका जागेसाठी एक अर्ज. एकाच कागदावर पाणी, पार्किंग आणि नशा कोंबली की तिन्हींना "नोंद घेतली" असं उत्तर येतं. शंभर जणांनी एकाच मजकुराच्या छापील प्रती देण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेलं जास्त चालतं. छापील गठ्ठा एक हरकत म्हणून मोजला गेलेला मी पाहिला आहे. शाळा, औषधाचं दुकान, रिक्षा स्टँड, महिला बचत गट, प्रत्येकाने आपल्या बाजूने लिहावं.

नमुना देतो, शब्द तुमचे घाला :

*प्रति, मा. आयुक्त (नगररचना विभाग), … महानगरपालिका.*
*विषय : प्रारूप विकास आराखड्यावरील हरकत व सूचना. आरक्षण क्र. …, सि.स.नं. …*
*महोदय, सदर जागा मागील आराखड्यात खेळाचे मैदान म्हणून आरक्षित होती. ती विकसित झालेली नाही. जागेला एकच प्रवेश असून तिन्ही बाजूंना बंद भिंती आहेत. खांब क्र. … व … वरील दिवे बंद आहेत. सायंकाळनंतर जागेचा कोणताही अधिकृत वापर होत नसल्याने तेथे अमली पदार्थांचे सेवन होते. लगतच्या शाळेची मुले याच रस्त्याने जातात.*
*हरकत : प्रारूप आराखड्यात हे आरक्षण वगळण्यात आले आहे, त्यास आमची हरकत आहे.*
*सूचना : आरक्षण कायम ठेवावे. पूर्वेकडील ६ मीटर रस्त्यावर दुसरा प्रवेश दाखवावा. रस्त्याकडील बाजूस वाचनालय व स्वच्छतागृहासाठी जागा ठेवावी.*
*मला सुनावणीस प्रत्यक्ष उपस्थित राहून म्हणणे मांडायचे आहे.*

शेवटचं वाक्य विसरू नका. सोबत नकाशाचा तुकडा जोडा आणि जागा लाल पेनाने घेरा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ऑनलाइन भरली तरी पोचपावतीचा कागद छापून ठेवा.

मागायचं काय

माझं मत इथे बऱ्याच शेजाऱ्यांशी जुळत नाही, तरी सांगतो. बहुतेक जण पहिल्या झटक्यात उंच भिंत, कुलूप आणि सीसीटीव्ही मागतात. आम्हीही मागितले. भिंत झाली. पोरं दोनशे मीटरवरच्या भुयारी मार्गात गेली, आणि तिथून रोज जाणाऱ्या नर्सिंगच्या मुलींनी रस्ता बदलला. आमचा प्रश्न सुटला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. त्या मुलींच्या वसतिगृहात कुणाला विचारायला गेलो नव्हतो.

हेच मोठ्या प्रमाणावर स्वित्झर्लंडमध्ये झालं होतं. झुरिकमध्ये राष्ट्रीय संग्रहालयामागच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत १९८७ च्या सुमारास हेरॉइन घेणाऱ्यांची उघड्यावर जत्रा भरू लागली. फेब्रुवारी १९९२ मध्ये बागेला कुलूप लागलं. लोक गेले लेटेनच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर. तेही १९९५ मध्ये बंद केलं. दुसऱ्या वेळी तशी जत्रा पुन्हा कुठे भरली नाही, कारण तोवर उपचार, निवारा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालची औषधयोजना उभी राहिली होती. नुसत्या कुलपाने काय होतं हे त्या शहराने एकदा मोजून पाहिलं होतं.

म्हणून जागेला वापर मागा. कोण, किती वाजता, कशासाठी येईल, हे ठरवून मागा. नुसतं 'बाग' लिहिलंत तर दहा ते चार बंद असणारी, उंच कुंपणाची बाग मिळेल. व्यायामशाळा, अभ्यासिका, ज्येष्ठांचा कट्टा, बचत गटाचा गाळा, रात्री उशिरापर्यंत चालणारी अभ्यासिका तर फारच चांगली. पुलाखाली नेट लावून क्रिकेट किंवा बॅडमिंटन. दोन प्रवेश मागा, दोन्ही रस्त्यावरून दिसणारे. भिंतीऐवजी आरपार दिसणारं कुंपण मागा. दिवे झाडांच्या वर नको, पानांच्या खाली हवेत. हे लिहायला विसरलं की पावसाळ्यानंतर झाड दिव्याला गिळतं.

फेरीवाल्यांना उठवा, असं लिहू नका. रात्री अकरापर्यंत चालणारी भुर्जीपावची गाडी म्हणजे महापालिकेला फुकट मिळालेला दिवा आणि राखणदार. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिच्याकडे त्या कोपऱ्यावर अधिकृत जागा मागा. एखादी टपरीच पुड्या विकत असेल तर ती पोलिसांची बाब. सगळ्या टपऱ्या त्यासाठी उखडायच्या नसतात.

आणि उपचार केंद्रासाठी जागा मागा. सगळ्यांत अवघड मागणी हीच. आराखड्यात दवाखाना किंवा आरोग्य केंद्राचं आरक्षण असेल तर त्यात व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागासाठी आणि समुपदेशनासाठी खोल्या ठेवाव्यात, असं लिहा. मी सुनावणीत बसलो होतो तेव्हा एका सोसायटीने अड्डा हटवण्याची हरकत दिली होती, आणि त्याच सोसायटीने जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रालाही हरकत दिली होती. सही करणारे तेच. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं आहे, त्या वास्तूमुळे आजूबाजूची वस्ती बिघडली असं मी तरी ऐकलेलं नाही. सोसायटीतल्या लोकांना सांगायला एक मुद्दा ठेवा : एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ क मध्ये, स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण आहे, उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर. म्हणजे कायद्यालाही तो माणूस दवाखान्यात हवा आहे. दवाखाना कुठे बांधायचा ते मात्र आपल्या सहीवर अडतं. घरातच कुणी असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

सुनावणीच्या दिवशी

कलम २८ प्रमाणे नियोजन समिती हरकती ऐकते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे नेमलेले तज्ज्ञ तिच्यात असतात. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि त्याआधी तीन तास बाकावर बसावं लागतं. पाण्याची बाटली न्या.

चिडून बोलू नका. "आमच्या मुलांचं काय" असं सुरू केलंत तर समिती मान हलवते आणि पुढचं नाव पुकारते. आरक्षण क्रमांक, नकाशा, मागणी, एवढ्यातच बोला. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलीने तिच्या शाळेच्या रस्त्याचं चित्र काढलं होतं, कुठे पळते आणि कुठे चालते ते दोन रंगांत. तज्ज्ञ सदस्याने चष्मा काढून ते चित्र पाहिलं. आमच्या सगळ्या फाइलीला तेवढा वेळ मिळाला नव्हता.

समितीच्या अहवालानंतर आराखडा शासनाकडे जातो. शासनाने मोठे बदल केले तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवतात. लोक थकलेले असतात आणि ही दुसरी नोटीस सुटून जाते. एकाने फक्त तिच्यावर लक्ष ठेवावं.

खिडकी बंद असेल तेव्हा

मंजूर आराखड्यात छोटा बदल करायचा असेल तर कलम ३७ खाली नोटीस निघते. तुमच्या मैदानाचं आरक्षण गुपचूप बदलायचा हाच रस्ता असतो, म्हणून वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांतल्या जाहीर नोटिसा वाचायची सवय लावा. दिवे, कुंपण, पायवाट यांसाठी आराखड्याची गरजच नाही. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेतल्या जातात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. इतर शहरांत प्रभाग समितीत विषय न्या.

माहितीचा अधिकार वापरायचा तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. विचारा : आरक्षण क्र. अमुक संपादित करण्यासाठी कोणती कार्यवाही झाली, कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असल्यास तारीख. तारीख हातात आली की मुदत संपायला किती महिने उरले ते मोजता येतं, आणि नगरसेवकाला नेमकं काय विचारायचं तेही कळतं. जिल्ह्यात अमली पदार्थविरोधी समन्वयासाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती असते. तिला जागांची यादी द्या, नकाशासकट.

आमचं मैदान शेवटी झालं. निम्मंच, पण झालं. पहिले चार महिने फाटक उघडायची किल्ली उद्यान विभागाच्या एका माणसाकडे होती, तो सुट्टीवर गेला की मैदान बंद, आणि भिंतीवरून उड्या मारणारे पुन्हा तेच. आता एक किल्ली समोरच्या दूध डेअरीत आणि एक खो-खो शिकवणाऱ्या सरांकडे आहे. त्यासाठी विभागाकडून लेखी पत्र घ्यावं लागलं, त्यालाच सहा आठवडे गेले. तुम्ही सूचना लिहिताना किल्ली कुणाकडे राहील तेही लिहून टाका.